मोटारसायकलची घरगुती निगा



आमच्या वर्गातल्या एका मुलाने मला एकदा एक प्रश्न विचारला. मुलगा खेड्यातला. त्याच्या शेताच्या बांधावरून समृद्धी महामार्ग दिसतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या जालना जिल्ह्यातून गेला आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा. तर एके दिवशी जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, लालभडक स्पोर्ट्स कार त्या रस्त्याने याच्या डोळ्यांदेखत सुसाट निघून गेली. दुसऱ्या दिवशी तास संपता संपता तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, असली गाडी माणसाला घरच्या घरी सांभाळता येते का?"

वर्ग हसला. मी हसलो नाही. मी त्याला उलट विचारले, "तू कॉलेजला कशावर येतोस?"

"मोटारसायकलवर."

"तिची चेन किती ढिली आहे? मागच्या टायरात हवा किती आहे?"

मुलगा गप्प. मग मी साऱ्या वर्गाला तेच विचारले. साठ मुलांपैकी तिघांनी हात वर केले. आजचे हे भाषण त्या उरलेल्या सत्तावन्न जणांसाठी आहे. आणि खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वीच्या माझ्यासाठीही आहे.

आधी त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. स्पोर्ट्स कार म्हणजे काही अचाट चीज नव्हे. आपल्या शेजारी गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची स्पोर्ट्स कार बनत असे. आता ती बनत नाही. तिचे अंग फायबरग्लासचे होते आणि इंजिन फ्रेंच रेनो बनावटीचे, लहानच. गाडी हलकी, बुटकी आणि रस्त्याला धरून चालणारी असली की तिला स्पोर्ट्स कार म्हणायचे. तिच्या मालकाने घरी बसून काय पाहायचे? टायर, ब्रेक, तेल, हवेची जाळी, बॅटरी. आणि आपल्या दारातल्या निंबाखाली उभ्या असलेल्या शंभर सीसीच्या मोटारसायकलचे काय पाहायचे? तेच, वर चेन अधिक. म्हणजे ज्याला आपली मोटारसायकल राखता येते, त्याने स्पोर्ट्स कार राखण्याचा निम्मा अभ्यास पुरा केला असे समजावे. फरक एवढाच, की मोटारीला चार चाके आणि भोवती पत्रा असतो. आपल्याला दोनच चाके, आणि भोवती काही नाही. तेव्हा निगेची गरज कोणाला अधिक, ते आपणच ठरवा.

थोडे गणित करू. शिक्षक बंधुभगिनींनी हे फळ्यावर मांडून दाखवावे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते; कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या डांबरी रस्त्यावर बरा ब्रेक गाडीचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंदाने कमी करतो असे धरा. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे ७ मीटरांत थांबेल. ताशी ६० ने जाणारीला जवळजवळ २८ मीटर लागतील. शिवाय म्हैस आडवी आल्याचे डोळ्यांनी पाहून हातापायाने ब्रेक दाबीपर्यंत एक सेकंद जातो, त्यात साठच्या वेगाने आणखी १७ मीटर गेले. एकूण ४५ मीटर झाले. हा हिशेब चांगल्या ब्रेकचा, चांगल्या टायरचा आणि कोरड्या रस्त्याचा आहे. ब्रेक निम्म्याने लागत असेल तर २८ चे ५६ होतात, आणि म्हैस काही मागे सरत नाही.

हे गणित मी बरीच वर्षे वर्गात शिकवीत होतो. घर्षण शिकवीत होतो, तरफ शिकवीत होतो. पण शिकवणे वेगळे आणि स्वतः वाकून पाहणे वेगळे. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण होता. संकष्टी म्हणून मी आणि आमची मंडळी राजूरच्या गणपतीला गेलो होतो. जालन्यापासून राजूर म्हणजे आपल्या पायाखालची वाट. येताना झिमझिम पाऊस. वेग फार नव्हता, पस्तीस-चाळीसचा असेल. एका लहान पुलाजवळ खडखड असा आवाज झाला आणि मागचे चाक जागच्या जागी थिजले. चेन दात्यांवरून उतरून आत अडकली होती. गाडी आडवी झाली. माझ्या डोक्याला हेल्मेट होते, म्हणून मी खरचटण्यावर सुटलो. मागे बसलेल्या आमच्या मंडळींचे मनगट मोडले. त्यांच्या डोक्याला हेल्मेट नव्हते, ते डोके दगडापासून वीतभर अंतरावर आपटले. ते वीतभर अंतर मला आजही झोपेत दिसते.

आता लाजेची गोष्ट सांगतो. ती चेन महिनाभर बोलत होती. आमच्या कॉलेजचे शिपाई मामा मला दोनदा म्हणाले होते, "सर, चेन लई वाजायलीय, बघा की जरा." मी "बघतो बघतो" म्हणालो आणि वर्गात जाऊन घर्षणाचा धडा शिकवला. अपघातानंतर गाडी ज्या मिस्त्रीकडे नेली, त्याचे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्याने चेन हातात घेतली आणि एकच वाक्य बोलला, "सर, ही चेन आज नाही उतरली, महिन्यापासून उतरायलीच होती." त्या एका वाक्यात मला जे मिळाले, ते माझ्या एम.ए.च्या दोन वर्षांत मिळाले नव्हते. यंत्र अचानक बिघडत नाही. ते आधी सांगते. ऐकणारा कान आणि पाहणारा डोळा आपण ठेवलेला नसतो, एवढेच.

वास्तविक ही दृष्टी आपल्याला नवीन नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. लोणी-हळद लावून खांदा चोळताना कुठे गाठ आहे, कुठे सोलले आहे, हे शेतकऱ्याच्या हाताला कळते. बैल तर बोलत नाही, पण त्याचे खूर, शेण, डोळे पाहून घरधनी ओळखतो की याचे आज काही बिनसले आहे. बैलगाडी जुंपण्याआधी आसाला वंगण आहे का, चाकाची खीळ जागेवर आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणी कासरा हातात धरत नसे. तोच शेतकरी, तेच घर. दारात मोटारसायकल आली आणि ती नजर कुठे गेली? खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण त्या हाराखालची चेन ढिली आहे का, हे पाहत नाही. हार अवश्य घालावा, त्यात वावगे काही नाही. मात्र हार घालण्यापूर्वी पाना हातात घ्यावा, इतकेच माझे म्हणणे.

ही नजर का गेली, यालाही कारण आहे. पूर्वी आपल्याकडे राजदूत असे, बजाजची स्कूटर असे, १९७२ पासून लूना आली. ही यंत्रे दोन धक्क्यांची. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे. त्या तेलाची काजळी प्लगवर साचे आणि गाडी वाटेत रुसून बसे. म्हणून ज्याच्याकडे गाडी, त्याच्या डिकीत प्लगपाना आणि पॉलिश कागदाचा तुकडा हटकून असे. पुढे १९८५ मध्ये चार धक्क्यांची हिरो होंडा सीडी-१०० बाजारात आली. पेट्रोल कमी खाणारी, रुसवेफुगवे नसलेली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. जाहिरात पेट्रोलच्या बचतीची होती आणि त्यापुरती ती खरीही होती. पण आपण 'विसरून जा' एवढेच लक्षात ठेवले, आणि पेट्रोलच काय, चेन, ब्रेक, टायर सगळेच विसरलो. यंत्र जितके गुणी, तितका मालक गाफील, असे झाले.

तेव्हा आता कामाचे बोलू. आठवड्यातून एक दिवस ठरवा. रविवारची सकाळ बरी. गाडी थंड असते. दहा मिनिटे पुरतात. साहित्य फार नको: गाडीबरोबर आलेले पाने, एक पेचकस, हवा मोजण्याचे लहान मीटर, एक जुना दात घासायचा ब्रश, चिंध्या, आणि गाडीबरोबर मिळालेले मालकासाठीचे पुस्तक. ते पुस्तक बहुतेकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात ठेवलेले असते. ते बाहेर काढा. मी पुढे जे आकडे सांगणार आहे ते साधारण आहेत. आपल्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तकाचा आकडा खरा मानावा.

सुरुवात टायरपासून करा. दोन चाकांचे मिळून रस्त्याला टेकलेले अंग केवढे? दोन तळहातांएवढेसुद्धा नाही. तुमचा सारा संसार त्या तेवढ्या रबरावर चालला आहे. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांत पुढे पंचवीस पौंडांच्या आसपास आणि मागे एकट्याने जाताना अठ्ठावीस-एकोणतीस पौंड हवा लागते. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात अधिक. नेमका आकडा चेनकव्हरवर किंवा त्याच्या जवळपास चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. हवा नेहमी थंड टायरात मोजावी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. भर दुपारी चालवून आणलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. टायर निवला की ती कमीच भरेल. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि आतून झिजते. मग नक्षी पाहा. दुचाकीच्या टायरची नक्षी कमीत कमी ०.८ मिलिमीटर खोल असावी असा कायदा आहे. मोटारीसाठी तोच आकडा १.६ मिलिमीटर आहे. तोही अगदी शेवटचा आकडा, तिथपर्यंत थांबू नये. नक्षीच्या खाचेत मधूनमधून लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो संपला. टायरच्या अंगावर एका लंबगोलात चार अंकही छापलेले असतात. ३५२३ असे असेल तर तो टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. नवा म्हणून विकत घेताना हे चार अंक वाचून घ्या. दुकानदारही मग जपून बोलतो.

दुसरी चेन. गाडी मेन स्टँडवर उभी करा, न्यूट्रल करा, आणि किल्ली काढून खिशात ठेवा. किल्ली खिशात का, ते नीट ऐका. इंजिन चालू ठेवून, चाक फिरते ठेवून चेन पुसण्याची एक वाईट खोड आपल्याकडे आहे. फिरत्या चेनीने चिंधी ओढली की चिंधीमागून बोट जाते, आणि दात्यांत गेलेले बोट परत येत नाही. चेन हातानेच चाक फिरवून पुसायची. आता खालच्या बाजूने चेनीच्या मधोमध बोट लावून ती वर-खाली हलवा. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलली तर ठीक. चेन पूर्ण झाकलेली असेल तर कव्हरला एक रबरी बूच असते, ते काढून पाहता येते. चाक थोडेथोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली असली तर तिचे दिवस भरले. चेन 'वाढते' असे आपण म्हणतो. लोखंड काही ताणून वाढत नाही. कड्यांमधल्या खिळी झिजतात, आणि शंभरावर कड्यांची थोडीथोडी झीज मिळून चेन लांब होते.

चेन ताणायची असेल तर मागच्या आसाची मोठी नट सैल करावी आणि दोन्ही बाजूंचे चेनकसे सारखेच फिरवावेत. दोन्ही बाजूंना खुणांच्या रेघा असतात. डावीकडे तिसरी रेघ तर उजवीकडेही तिसरीच हवी, नाहीतर चाक तिरके बसेल. मग मोठी नट पक्की आवळावी. चाक मागे सरकले म्हणजे मागच्या ब्रेकची दांडी ताणली जाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तेव्हा चेन कसल्यावर मागचा ब्रेक पुन्हा पाहिलाच पाहिजे. हे काम पहिल्या वेळी मिस्त्रीच्या समोर बसून करावे. दुसऱ्या वेळेपासून स्वतः करावे. चेनीला जोडकडी असेल तर तिच्या क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला आणि उघडे तोंड मागे असावे. हे उलटे बसले तर क्लिप उडण्याचा धोका.

दर पाचशे किलोमीटरला चेन ब्रशने साफ करावी, कोरडी पुसावी आणि आतल्या बाजूने नव्वद नंबरचे गिअर ऑइल किंवा चेनचे तेल थेंबथेंब सोडावे. जास्तीचे पुसून टाकावे. इंजिनाचे जळके काळे तेल चेनीवर ओतण्याची पद्धत सोडा. त्यात धातूचा चुरा असतो. वर आपल्या काळ्या मातीची धूळ बसली की त्याची खळ होते आणि तीच चेनीला कानसेसारखी घासते. ते तेल गटारात, बांधावर किंवा विहिरीजवळही ओतू नका. डब्यात साठवून गॅरेजवर द्या.

तिसरा ब्रेक. पुढच्या ब्रेकची मूठ टोकाशी एक ते दोन सेंटिमीटर मोकळी हलावी, मागचा पाय दोन ते तीन सेंटिमीटर. त्यापुढे ब्रेक लागला पाहिजे. ड्रमच्या ब्रेकला बाहेर एक लहान बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबून पाहा. बाण जर ड्रमवरच्या खुणेला जाऊन भिडला तर आतले लायनर संपले. मग नुसती नट आवळून ब्रेक 'आणू' नका, लायनर बदला. डिस्कब्रेक असेल तर मुठीजवळच्या डबीतले द्रव खालच्या रेघेच्या वर हवे. हे द्रव हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. त्यात इंजिनाचे तेल कधीही घालू नका. रबर फुगून ब्रेक निकामी होतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींत दोन्ही ब्रेक एकत्र जोडलेले असतात किंवा ए.बी.एस. असते, आणि त्याहून मोठ्या गाड्यांत ए.बी.एस. सक्तीचे आहे. सोय चांगली आहे. पण झिजलेल्या लायनरला आणि गुळगुळीत टायरला कोणतीच सोय तारू शकत नाही.

चौथे तेल आणि हवा. सपाट जागी गाडी सरळ उभी करून तेलाची काडी काढा, पुसा, पुन्हा घाला, आणि दोन खुणांच्या मध्ये तेल आहे का ते पाहा. काही गाड्यांना काडीऐवजी काचेची खिडकी असते. मोटारसायकलच्या तेलाची एक खुबी आहे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात भिजलेला असतो. मोटारीचा तसा नसतो. म्हणून मोटारीचे स्वस्तात मिळालेले तेल मोटारसायकलमध्ये घातले तर क्लच निसटू लागतो. डब्यावर मोटारसायकलसाठी असे लिहिलेलेच तेल घ्यावे. एअर फिल्टर हे गाडीचे नाक. मळणीचा भुसा, जिनिंगची रुई, खडीच्या रस्त्याची धूळ हे सारे तिथे अडते. फोमची जाळी धुता येते. साध्या कोरड्या कागदाची धुता येत नाही, आतून बाहेर हवा मारून झटकावी लागते. आणि तेलकट कागदाची असेल तर झटकायचीही नाही, मुदतीवर बदलायची. तुमची कोणती, ते पुस्तकात आहे. नाक चोंदले की गाडी पेट्रोल जास्त खाते. याचाही हिशेब पाहा. एखादे गुरुजी महिन्याला हजार किलोमीटर जातात. गाडी साठचा ॲव्हरेज देते तेव्हा त्यांना सुमारे १७ लिटर पेट्रोल लागते. ती पन्नासवर आली की २० लिटर. महिन्याला तीन लिटर पेट्रोल निगेअभावी धुरात गेले.

गाडी सुरूच होत नसेल तर घाबरून ढकलत सुटू नका. क्रमाने पाहा. मुठीजवळचे लाल बटन बंद नाही ना? पेट्रोल आहे ना? असल्यास कॉक रिझर्व्हवर करून पाहा. प्लगची टोपी निसटली नाही ना? बॅटरीचा फ्यूज उडाला नाही ना? पुष्कळशा गाड्या इथेच सुरू होतात आणि मिस्त्रीचा हेलपाटा वाचतो. प्लग काढला तर त्याचा रंग वाचा. फिका तपकिरी असेल तर इंजिनाची प्रकृती ठणठणीत. कोरडी काळी काजळी असेल तर बहुधा फिल्टर चोंदलेला. ओले तेल असेल तर इंजिन तेल खात आहे. पांढराफटक असेल तर इंजिन फाजील तापत आहे. वैद्य जीभ पाहतो, तसाच मिस्त्री प्लग पाहतो. मात्र प्लग गरम असताना काढू नका, आणि उघड्या पेट्रोलाजवळ ठिणगी तपासू नका.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी आणखी. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी चिकण माती मडगार्डमध्ये ठासून बसते, आणि चाक गच्च होते. ती ओली असतानाच काठीने काढावी. वाळली की विटेसारखी होते. आणि गाडी धुताना मोटरपंपाच्या पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या आसावर, फिल्टरवर किंवा सायलेन्सरच्या तोंडात मारू नये. पाणी आत शिरते आणि वंगण बाहेर येते. दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. जुनी गाडी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळीला भेगा पडल्या आहेत का, हे वरचेवर पाहावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी फार रिकामी ठेवू नये.

आता मर्यादेची गोष्ट. आपल्या हाताने करणे म्हणजे सगळेच आपल्या हाताने करणे नव्हे. टॅपेट, क्लचपाटे, इंजिन खोलणे, डिस्कब्रेकचे द्रव बदलून हवा काढणे, ही कामे जाणत्या मिस्त्रीची. २०२० पासूनच्या बहुतेक बी.एस. सहा गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले आहे. पिवळा दिवा पेटून राहिला तर आपल्या पेचकसाचे तिथे काम नाही. पण मिस्त्रीकडे जाताना "गाडी बघा जरा" असे म्हणू नका. "मागचा लायनर खुणेला भिडलाय, चेन एका जागी ताठ आहे" असे म्हणा. पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम मिस्त्रीही मन लावून करतो. काम झाल्यावर निघण्यापूर्वी आसाची नट आणि ब्रेक स्वतः एकदा हाताने पाहा. माणूस चांगला असला तरी चुकतो, आणि ती चूक रस्त्यावर आपल्याला भोवते.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या आवारात पाच-सहा मोटारसायकली रोज उभ्या असतात. ही आपली फुकटची प्रयोगशाळा आहे. ब्रेकच्या पायात तरफ आहे, चेनीत दात्यांचे गुणोत्तर आहे, टायरात दाब आहे, पेट्रोलच्या हिशेबात सरासरी आहे. महिन्यातून एक तास मुलांना तिथे न्या. टाकी काठोकाठ भरून आकडा लिहायचा, पुन्हा काठोकाठ भरून किलोमीटर भागिले लिटर करायचे. सातवीच्या मुलाला हे सहज जमते. मुलींनाही पाना हातात द्या. उद्या त्याही गाडी चालवणार आहेत, आणि साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड का काढू नये, हे त्यांच्याइतके घरात कोणी समजावून सांगणार नाही. मुलांना गाडी चालवायला शिकवू नका, त्यांचे वय झालेले नाही. गाडी पाहायला शिकवा. असे शिकलेले मूल घरी जाऊन सांगते, "बाबा, चेन वाजायलीय." आमच्या शिपाई मामांचे मी ऐकले नाही, बाप लेकराचे ऐकेल.

आमच्या मंडळींचे मनगट जुळले, पण थंडीत अजून ठणकते. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मात्र दर रविवारी सकाळी चहाचा कप माझ्या हाती देताना त्या एवढेच विचारतात, "झाली का तुमची खांदेमळणी?" आणि ती झाल्याशिवाय मागे बसत नाहीत. हेल्मेट आता दोघांनाही आहे.

त्या वर्गातल्या मुलाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. पुढच्या सोमवारी तो माझ्या खोलीत आला. हाताला काळे ग्रीस लागलेले. म्हणाला, "सर, साडेपाच सेंटिमीटर ढिली होती." मी विचारले, "मग?" म्हणाला, "अडीचवर आणली. नंतर ब्रेकपण पाहिला." स्पोर्ट्स कार त्याला मिळेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण मिळाली तर ती कोणाच्या हाती पडली, याची मला काळजी वाटणार नाही.

येत्या रविवारी आपणही दहा मिनिटे काढावीत.